उंचावलेल्या गाडीचे पाटे

जुनी फोर-व्हील गाडी ज्याच्या दारात उभी आहे अशा गृहस्थाच्या मनात, तिला मोठी चाके चढवावीत आणि त्यासाठी तिचे धूड चार बोटे वर उचलून घ्यावे, हा विचार एकदा शिरला म्हणजे त्याच्या पाठोपाठ दुसरा एक प्रश्न हटकून येतो. तो असा की, गाडी उंच तर होईल, परंतु ती बसायला कशी लागेल? अमेरिकेतील शेव्हरोले आणि फोर्डचे पिकअप, ऑस्ट्रेलियातील टोयोटा, इंग्लंडातील लँड रोव्हर आणि आपल्याकडील जीप या सर्वांच्या मालकांनी हा प्रश्न गेली कित्येक दशके एकमेकांस विचारला आहे, आणि त्याची उत्तरे बहुधा कारखानदारांच्या नावांनी दिली आहेत. रँचोचे पाटे असे, स्कायजॅकरचे तसे, टफ कंट्रीचे त्याहून मवाळ, ओल्ड मॅन इमूचे तर विचारूच नका. एकाने ‘सॉफ्ट राइड’ हे नावच मालाला देऊन टाकले, दुसऱ्याने ‘ईझी राइड’, आणि ग्राहकाने पेटी उघडण्याआधीच मऊपणाची ग्वाही त्याच्या हाती पडली. गंमत अशी की, एकाच कारखान्याच्या, एकाच उंचीच्या आणि एकाच गाडीसाठी घडवलेल्या पाट्यांबद्दल एक मालक म्हणतो की मूळच्यापेक्षा गाडी सुखाची झाली, आणि दुसरा म्हणतो की कण्याचे मणके मोजता येऊ लागले. साक्षी अशा परस्परविरुद्ध निघाल्या म्हणजे साक्षीदार खोटे असतात असे मात्र नव्हे. कित्येकदा दोघेही खरे बोलत असतात, फक्त ज्या बाबीवर सारा निवाडा अवलंबून असतो ती बाब दोघांनीही आपल्या बयानात घातलेली नसते.

ती बाब म्हणजे वजन. साताऱ्या-सांगलीकडे ज्याने वडापच्या जीपमधून प्रवास केला आहे त्याला हे पुस्तकात वाचण्याची गरज नाही. पहाटे गावातून रिकामी निघालेली जीप दगडगोट्यांच्या रस्त्यावर अशी आपटत जाते की पुढच्या बाकावरचा माणूस छताला डोके लागू नये म्हणून एक हात वर धरून बसतो. आणि तीच जीप, तेच पाटे, तोच रस्ता, परंतु आत पंधरा माणसे, दोन दुधाच्या किटल्या आणि टपावर भाजीच्या पाट्या भरल्या म्हणजे ती गाडी तालुक्यापर्यंत पाळण्यासारखी डुलत येते. पाटे बदलले नाहीत, वजन बदलले. ज्या तुलनेत गाडीच्या पाठीवर किती भार होता याचा उल्लेख नाही, ती तुलना पाट्यांची नसून दोन अनोळखी ओझ्यांची असते, हे ध्यानात धरूनच पुढील सर्व विवेचन वाचावे.

पाट्यांचा शोध मोटारींचा नव्हे. घोड्याच्या बग्गीखाली कमानदार पोलादी पट्ट्यांचा जुडगा बसवण्याची युक्ती एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडात रूढ झाली. आपल्याकडच्या खाचरातून प्रवास केलेल्यांना ही युक्ती नसण्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. मोटारीने ती उचलली ती मुख्यतः एका कारणासाठी: एकच वस्तू भार तोलते, चाकांचा एक्सल जागच्या जागी धरून ठेवते, आणि पट्टीवर पट्टी घासत असल्यामुळे हेलकाव्यांना थोडाफार आळाही घालते. स्वस्ताई एवढी की मालवाहू गाडीने आजतागायत पाट्यांचा पुरता त्याग केलेला नाही. परंतु ज्या वस्तूकडे तीन कामे सोपवली आहेत, तिच्यात एका कामासाठी केलेला फेरफार उरलेल्या दोन कामांत लुडबूड केल्याशिवाय राहत नाही, आणि उंचीसाठी पाटे बदलणाऱ्यांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच आहे.

सुख म्हणजे काय, याला यंत्रशास्त्राने एक अंकही दिलेला आहे. भार ठेवल्यावर पाटा जितका दबतो, त्या दबण्याचे माप सेंटिमीटरमध्ये घ्यावे, त्याचे वर्गमूळ काढावे, आणि पाचाला त्या मुळाने भागावे. येणारा आकडा म्हणजे गाडी सेकंदाला किती हेलकावे घेईल, तो. पाटा २५ सेंटिमीटर दबत असेल तर सेकंदाला १ हेलकावा, १६ दबत असेल तर सव्वा, ९ दबत असेल तर सुमारे १.७, आणि सव्वासहाच दबत असेल तर २. माणसाचे शरीर चालण्याच्या लयीला जन्मभर सरावलेले असते. सेकंदाला एक ते दीड हेलकाव्यांची गाडी त्याला सुखाची वाटते, दोनच्या पुढे ती कडक म्हणवली जाऊ लागते, आणि ४ ते ८ या पट्ट्यातील उभ्या कंपनांना तर शरीर सर्वांत अधिक कंटाळते. रोल्स-रॉइसमधून १९३० साली अमेरिकेत जनरल मोटर्सकडे गेलेल्या मॉरिस ऑली या अभियंत्याने वजने इकडून तिकडे सरकवता येतील अशी गाडी तयार करून याचा अभ्यास केला, आणि पुढचे पाटे मागच्यांहून थोडे मवाळ ठेवावेत, म्हणजे खड्ड्यात पुढचे चाक आधी पडले तरी मागचा भाग जलद हेलकावा घेऊन पुढच्याला गाठतो व गाडी नाक वरखाली न करता सपाट चालते, असा दंडक घालून दिला. पिकअपच्या मागच्या पाट्यांचे दुर्दैव असे की, त्यांच्यावरचा भार दिवसातून दोनदा बदलतो. समजा, रिकाम्या गाडीचा मागील भार ६०० किलो आहे आणि वर हजार किलो माल लादण्याची मुभा आहे. मालासह सेकंदाला १.३ हेलकावे घेणारी ही गाडी रिकामी परतताना २.१ घेईल. पाटेवाल्याने कोणाला खूश करावे? ज्याला बाजारात माल न्यायचा आहे त्याला, की जो रविवारी मुलाबाळांना घेऊन डोंगरात जाणार आहे त्याला? जुन्या ट्रकच्या मूळ कारखान्याने पहिल्याचा विचार केला होता, आणि आज त्याच गाडीवर हौस करणारा बहुधा दुसरा असतो. सबब मूळ पाटेच कडक होते, हे उंचीच्या पाट्यांना दोष देण्यापूर्वी कबूल करणे न्यायाचे ठरेल.

आता पाट्याच्या अंगच्या गुणांकडे वळू. पाट्याचा ताठरपणा पट्ट्यांच्या संख्येने सरळ वाढतो, परंतु पट्टीच्या जाडीच्या घनाने वाढतो. ताकद मात्र जाडीच्या वर्गानेच वाढते. या दोन घातांकांच्या फरकात सगळी मेख आहे. ८ मिलिमीटर जाडीच्या चार पट्ट्यांचा जुडगा आणि ६ मिलिमीटर जाडीच्या आठ पट्ट्यांचा जुडगा, लांबी-रुंदी तीच, समोरासमोर ठेवून हिशेब मांडला तर ताठरपणाचे प्रमाण २०४८ ला १७२८ असे येते, आणि ताकदीचे २५६ ला २८८. अर्थात दुसरा जुडगा शेकडा १५-१६ ने मवाळ, आणि तरीही भार पेलण्यास शेकडा बारा-तेराने अधिक समर्थ. कॅलिफोर्नियातील डीव्हर किंवा कोलोरॅडोतील अल्कन यांसारखे, गाडीचे वजन आधी विचारून मग पाटे घडवणारे कारागीर पातळ पट्ट्या पुष्कळ लावण्यावर भर देतात तो यामुळेच. आणि स्वस्त पेटीतून निघणारे पाटे तीन-चार जाड पट्ट्यांचे असतात तेही यामुळेच, कारण प्रत्येक पट्टी तापवणे, वाकवणे, पाणी देणे, भोक पाडणे याला मजुरी पडते, आणि ती पट्ट्यांच्या संख्येने गुणली जाते. ग्राहकाने किंमत पाहण्यापूर्वी जुडग्याच्या कडेकडून एकदा पट्ट्या मोजाव्यात. जाहिरातीतील विशेषणांपेक्षा ती मोजणी अधिक बोलते.

परंतु पट्ट्या वाढल्या की त्यांच्यातील घर्षणही वाढते. चारांच्या मध्ये तीन घासण्या असतात, आठांच्या मध्ये सात. रस्त्यावरील मोठ्या खड्ड्याला या घर्षणाचे काही वाटत नाही, तो त्याला सहज मोडून पाटा हलवतो. पण डांबरी रस्त्यावरच्या बारीक लाटा, पुलांचे सांधे, बैलगाडीच्या चाकांनी उमटलेल्या रेषा एवढा जोर लावू शकत नाहीत, आणि तितक्यापुरता तो जुडगा पाटा न राहता लोखंडाचा एकसंध ठोकळा बनतो. नव्या गाडीच्या आसनावर जी बारीक, अखंड थरथर जाणवते आणि जिला मालक ‘पाटे कडक आहेत’ म्हणतो, ती अनेकदा ताठरपणाची नसून घर्षणाची असते; गंज चढलेल्या जुन्या पाट्यांत तर ती निःसंशय त्याचीच असते. पट्ट्यांची टोके चौकोनी कापून सोडली तर ती वरच्या पट्टीत रुततात. टोके निमुळती करून त्यांखाली प्लास्टिकच्या गुळगुळीत चकत्या बसवल्या म्हणजे ती सरकतात. चांगल्या आणि वाईट पाट्यांतला, पैशाने विकत घेता येणारा, सर्वांत मोठा फरक माझ्या मते इथे आहे, आणि तुलना करणाऱ्यांपैकी फार थोडे वाकून पट्ट्यांची टोके पाहतात.

आणि लांबी? ती या सर्वांची राणी. ताठरपणा लांबीच्या घनाने घटतो. शेव्हरोलेच्या १९७३ ते १९८७ या काळातील चौकोनी चेहऱ्याच्या पिकअपचे मागचे पाटे ५२ इंचांचे होते; १९८८ पासून आलेल्या पुढच्या पिढीत ते सुमारे ६३ इंचांचे झाले. लांबीत पाचवा हिस्सा भर पडली, परंतु इतर सर्व तेच धरले तर ताठरपणा जवळजवळ निम्म्यावर येतो, अचूक सांगायचे तर शेकडा ५६ वर. जुन्या गाड्यांच्या हौशी मालकांनी भंगारातून नव्या पिढीच्या पिकअपचे पाटे उचलून, चासीवरचे टेके मागेपुढे करून, ते आपल्या जुन्या गाडीखाली बसवण्याचा जो प्रघात पाडला आणि जो पुढे टोयोटाच्या गाड्यांपर्यंत पसरला, त्यामागे हे गणित आहे. आणि कोणत्याही कारखान्याच्या नामांकित संचाहून हा भंगारातला सौदा सुखाचा ठरतो, याचे आश्चर्य फक्त ज्यांना घनाचा हिशेब ठाऊक नाही त्यांना वाटते.

मग प्रश्न उरतो उंचीचा. ती मिळवण्याचे मार्ग पाच, आणि त्या प्रत्येकाची कैफियत वेगळी. मागच्या एक्सल व पाट्याच्या मध्ये लोखंडी ठोकळा ठेवला तर पाटा जसाच्या तसा राहतो, त्यामुळे बसण्याच्या सुखात फरक पडत नाही. मात्र एक्सल पाट्यापासून दूर गेल्याने जोराने निघताना तो पीळ देऊन पाट्याला सर्पाकृती करतो, आणि पुढच्या एक्सलवर तर, जिथे ब्रेकचा सारा जोर येतो, ठोकळा हा धोक्याचाच मार्ग आहे. शेकल, म्हणजे पाट्याचे टोक चासीला जोडणारी झुलती कडी, लांब केले तर दोन इंचांच्या वाढीतून एकच इंच उंची हाती लागते, आणि पुढे तसे केल्यास चाकाच्या खुंट्याचा तिरपेपणा बिघडून सुकाणू भरकटू लागते. एक वाढीव पट्टी घालणे हा आपल्या सर्व मिस्त्रींचा आवडता उपाय. सारख्या जाडीची पट्टी चारांत घातली तर ताठरपणा सव्वापट होतो, आणि ती पट्टी आखूड व जाड असली, जशी ती बहुधा असते, तर ती सगळा भार पाट्याच्या मध्यावर गोळा करून टोकांना पोरके करते. चौथा मार्ग, ज्या गाड्यांत पाटे एक्सलच्या खाली टांगलेले असतात, जसे विलीस, जुन्या सीजे जीपा, टोयोटाची एफजे ४० किंवा सुझुकीची सामुराई, त्यांचे पाटे उचलून एक्सलच्या वर बसवण्याचा. त्याने पाच-सहा इंच उंची मिळते आणि पाटे मूळचे सपाट, मवाळ राहतात, म्हणून सुखाच्या दृष्टीने हा मार्ग बाकी सर्वांहून सरस, परंतु सुकाणूच्या दांड्या, ब्रेकच्या नळ्या, प्रॉपेलर शाफ्टचे कोन या सर्वांची नव्याने मांडणी केल्याशिवाय तो केवळ अपघाताचा रस्ता आहे.

पाचवा आणि बाजारात सर्वाधिक खपणारा मार्ग म्हणजे अधिक कमान दिलेला नवा जुडगा, आणि कडकपणाची अपकीर्ती त्याला का चिकटली हे नीट समजून घेण्याजोगे आहे. गाडीखाली बसलेल्या पाट्याची कमान अमुक हवी असे ठरले, तर मोकळ्या पाट्याची कमान त्याहून तितकी अधिक असावी लागते, जितका तो भाराखाली दबणार आहे. मवाळ पाटा खूप दबतो, म्हणून मवाळ आणि उंच असा पाटा हवा असेल तर मोकळेपणी तो जवळजवळ धनुष्यासारखा वाकलेला घडवावा लागतो. त्याच्या पोलादावर कायमचा ताण अधिक, त्यामुळे ते पोलाद उत्तम, त्याचे पाणी नेमके, आणि घडवल्यानंतर त्याला एकदा पूर्ण दाबून बसवण्याची क्रिया काटेकोर हवी, अन्यथा वर्षभरात तो बसतो आणि चार इंचांची उंची अडीचवर येते. ग्राहक ‘पाटे बसले’ ही तक्रार घेऊन परत येतो, ‘पाटे कडक आहेत’ ही घेऊन क्वचितच येतो, कारण कडकपणाची त्याने मनाशी उंचीच्या खाती मांडणी केलेली असते. कारखानदाराला हे माणसाचे मन चांगले ठाऊक आहे, आणि म्हणून शंका आली की तो एक पट्टी जाडच घालतो. म्हणजे उंची आणि कडकपणा यांचे नाते यंत्रशास्त्राने घालून दिलेले नाही; ते हमीपत्राच्या भीतीने जन्मास घातलेले आहे.

शिवाय कमान जास्त झाली की पाट्याची टोकांच्या दोन डोळ्यांमधली लांबी घटते आणि शेकलचा कोन बदलतो. पाटा दबताना सरळ होतो, सरळ होताना लांब होतो, आणि ती लांबी शेकलने झुलून सामावून घ्यावी लागते. शेकल आधीच आडवे पडून चासीला टेकत आले असेल तर ती लांबी जायला जागा राहत नाही, आणि जो पाटा दाबयंत्रावर मवाळ ठरला तोच गाडीखाली दगड होतो. जुन्या जीप आणि टोयोटाच्या गाड्यांत पुढचे शेकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असते. चाक खड्ड्याच्या काठावर आदळले की त्याने मागे सरकून धक्का चुकवावा, तर उलट पाटा लांबताना ते चाकाला पुढे, धक्क्याच्या दिशेनेच ढकलते. कमान जितकी जास्त तितका हा उलटा न्याय अधिक तीव्र. म्हणून शेकल मागे नेणारे फेरफार निघाले. ते मोकळ्या रस्त्यावर सुखाचे, खडकांवर चढताना मात्र तेवढे भरवशाचे नाहीत, असा त्यांचा लौकिक आहे आणि तो मला पटतो.

लँड रोव्हरच्या मालकांनी मात्र एक वेगळीच वाट धरली, आणि या आढाव्यातील सर्वांत विचारप्रवर्तक प्रकरण तेच आहे. १९४८ साली सुरू झालेल्या आणि १९८५ पर्यंत पाट्यांवरच चाललेल्या जुन्या मालिकेच्या या गाड्या कडकपणाविषयी प्रसिद्ध होत्या; एकेका जुडग्यात नऊ-दहा पट्ट्या, त्यांत गंज, त्यात चिखल. त्यांच्या जागी दोन किंवा तीनच पट्ट्यांचे परवलयी पाटे आले. या पाट्याची पट्टी मध्ये जाड आणि टोकांकडे पातळ होत जाते, आणि ती पातळ होण्याची रेषा अशी आखलेली असते की पोलादाच्या प्रत्येक भागावर ताण सारखा पडावा. पट्ट्या फक्त मध्यावर आणि टोकांशी भेटतात, बाकी लांबीभर त्यांच्यात हवा असते. घर्षण जवळजवळ नाहीसे झाले, वजन घटले, आणि जुन्या लँड रोव्हरमध्ये चहा न सांडता पिता येतो अशा कथा इंग्लंडात पसरू लागल्या. परंतु जुने घर्षण हे फुकटचे शॉकअब्सॉर्बर होते, हे त्यानंतर उमगले. ते गेल्यावर जुनेच शॉकअप ठेवणाऱ्यांची गाडी वळणावर नावेसारखी कलू लागली, आणि चांगले, नव्या पाट्यांना जुळणारे शॉकअप घालणे भाग पडले. म्हणजे पाट्याची किंमत केवळ पाट्याची नव्हती. तरीही, घर्षण हेच जुन्या गाड्यांतील दुःखाचे मोठे कारण आहे या माझ्या विधानाला परवलयी पाट्यांइतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

टोयोटाच्या बाबतीत तिसरीच तऱ्हा. १९७९ ते १९८५ या काळातील हायलक्स, जिच्या पुढेही अखंड एक्सल आणि पाटे होते, आणि लँड क्रूझरच्या ४० व ६० या मालिका, या गाड्यांवर ऑस्ट्रेलियाच्या ओल्ड मॅन इमूने जे नाव कमावले त्याचे रहस्य पोलादात शोधणाऱ्यांची निराशा होते. त्यांनी उंची माफक ठेवली, आणि ग्राहकाला आधी विचारले की गाडीत काय काय लादलेले असते: पुढे लोखंडी बंपर आणि विंच आहे का, मागे पाण्याची टाकी, सामानाचे कप्पे, झोपण्याचा तंबू यांचे कायमचे ओझे आहे का, आणि त्या उत्तराप्रमाणे हलका, मध्यम किंवा जड पाटा, आणि त्याला जुळणारा शॉकअप दिला. ऑस्ट्रेलियात हे निमूट चालले, कारण तिथला मालक खरोखरच महिनोन्महिने माळरानात सामान घेऊन हिंडतो. अन्यत्र मात्र, जड पाटा म्हणजे भारी पाटा, भारी म्हणजे चांगला, या हिशेबाने रिकाम्या गाडीखाली जड पाटे बसवणारे पुष्कळ निघाले, आणि मग त्यांनीच कारखान्याच्या नावाने फिर्याद मांडली.

गुंडाळीच्या स्प्रिंगांबद्दल थोडक्यात. फोर्डने १९६६ च्या ब्रॉन्कोत पुढे त्या घातल्या, आणि रेंज रोव्हरने १९७० साली चारही चाकांना. अभियंते स्पेन किंग यांच्या त्या गाडीने खडबडीत रस्त्यावरची गाडी सुखाची असू शकते हे सिद्ध करून टाकले, आणि लँड रोव्हरनेही १९८३ च्या वन टेनपासून तोच मार्ग धरला. घर्षण नाही, एक्सल धरण्याचे काम वेगळ्या दांड्यांकडे, स्प्रिंग फक्त स्प्रिंगच. तिथे उंचीच्या स्प्रिंगची तुलना सरळ होते, कारण तिचा ताठरपणा आकड्यात छापलेला मिळतो आणि तो बव्हंशी खराही असतो. त्यामुळे त्या विषयात वाद कमी, आणि लिहिण्याजोगेही कमी.

आपल्याकडील प्रकरणाला वेगळे परिमाण आहे. महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत विलीस जीप जोडायला घेतल्यापासून, जबलपूरच्या लष्करी कारखान्यातील निस्सान पॅट्रोलच्या नमुन्यावरची जोंगा, आणि १९८५ ची मारुती जिप्सी, या सर्व गाड्या चारही बाजूंनी पाट्यांवर उभ्या होत्या. २०१० च्या थारलाही मागे पाटेच होते, २०२० च्या थारने ते टाकले. जिप्सीच्या मागच्या बाकावरचा प्रवास ज्याने केला आहे तो तिच्या अन्य गुणांचे कितीही कौतुक करो, त्या बाकाचे करणार नाही. तिच्या मालकांत उंचीच्या पाट्यांची हौस दांडगी. परंतु मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आणि त्यावर सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली दिलेला फैसला पाहता, कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरफार गाडीत करण्याची मुभा आता फारशी उरलेली नाही, आणि उंचीचा खर्च करण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची वहिवाट समजून घेणे हे शहाणपणाचे. एका दृष्टीने हे बरेच झाले असे मला वाटते. कारण त्यामुळे उंची सोडून केवळ सुखाच्या बाजूने पाट्यांकडे पाहण्याची सवड मिळते: पट्ट्या सोडवून गंज घासून काढणे, त्यांच्यामध्ये चकत्या घालणे, सुकलेले रबरी बुश बदलणे, यू-बोल्ट नीट आवळणे, शेकल झुलते आहे याची खात्री करणे, मोडलेले शॉकअप फेकून देणे, आणि टायरांतील हवा, जी आपल्याकडे पंपवाला आपल्या मर्जीने भरतो, ती पुस्तकातील आकड्यावर आणणे. या सर्वांचा खर्च एका नव्या संचाच्या किमतीत निघून वर काही उरावे.

खरी तुलना करायची तर ती कशी करावी, तेही नमूद करतो. दोन्ही एक्सलवरील भार वजनकाट्यावर घ्यावा. दोन्ही पाट्यांसह टायर, हवा आणि शॉकअप तेच ठेवावेत. नवे पाटे हजारभर किलोमीटर चालवून बसू द्यावेत. आणि आसनावर कंपनमापक ठेवून एकाच रस्त्यावर, एकाच वेगाने जावे. माणसाला होणाऱ्या कंपनांच्या मोजणीसाठी आयएसओ २६३१ हे आंतरराष्ट्रीय प्रमाण आहे. त्यानुसार भारित त्वरण ०.३१५ मीटर प्रति सेकंद वर्गाच्या खाली असेल तर प्रवास त्रासदायक नाही, आणि २ च्या वर गेले तर तो अत्यंत त्रासदायक मानावा. हल्ली खिशातल्या फोनमध्येही असा मापक असतो, परंतु मालक जुना सोडून नवा पाटा बसवतो त्याच दिवशी नवे शॉकअप, नवे बुश आणि नवे टायरही बसवतो, आणि मग सर्व श्रेय किंवा सर्व दोष एकट्या पाट्याच्या माथी मारतो. चौदा वर्षे गंजलेल्या जुडग्याशी तुलना केली तर कोणताही नवा पाटा मवाळच ठरेल.

माझ्या एका स्नेह्यांनी आपल्या जुन्या जीपला दोन इंच उंची हवी म्हणून एका गॅरेजात गाडी नेली. “साहेब, एकेक पाटा वाढवून देतो, गाडी अशी उठेल की बघत राहाल,” असे मिस्त्री म्हणाला, आणि गाडी खरोखरच उठली. पुढे त्यांच्या घरातील मंडळींनी त्या गाडीत बसण्याचे हळूहळू सोडले. प्रथम आईने, मग पत्नीने, आणि शेवटी कुत्र्यानेही. दोन पावसाळ्यांनंतर त्यांनी जुडगे सोडवले, वाढीव चार पट्ट्या काढल्या, मूळच्या घासून, चकत्या घालून परत बसवल्या, आणि लहान चाकांवर समाधान मानले. काढलेल्या पट्ट्या त्यांनी गावच्या लोहाराकडे दिल्या. पाट्याचे पोलाद कोयत्याला उत्तम, हे लोहाराला सांगावे लागत नाही. त्याने त्यांतून तीन कोयते आणि एक विळा काढून दिला, आणि चौथी पट्टी, फार जाड आहे, तापायला वेळ घेते, म्हणून ऐरणीच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवली आहे.